शुद्ध, भूल आणि जाणीव

प्रस्तावना

'काल रात्री गाढ झोप लागली' असे आपण सकाळी सहज म्हणून जातो. त्या झोपेत आपण होतो कोठे, हा प्रश्न मात्र सहसा मनात येत नाही. श्वास चालू होता, हृदय धडधडत होते, अन्न पचत होते. परंतु या साऱ्याची खबर असणारे कोणी तेथे नव्हते. सकाळी डोळे उघडले आणि खिडकीतला उजेड, स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज, कालच्या राहून गेलेल्या कामाची रुखरुख हे सगळे एकदम आपले झाले. या 'आपले होण्या'ला जाणीव असे म्हणतात. मेंदू हा दीड किलोहूनही कमी वजनाचा अवयव. त्यातील भौतिक व्यवहारांतून जाणीव कशी उपजत असावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केलेला आहे. हा वैचारिक लेख आहे. तो वाचताना प्रत्येक विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि पुरावा संपतो तेथे लेखही थांबतो का, याकडे विशेष लक्ष द्या.

मूळ पाठ

मराठीत या अनुभवासाठी एकच एक शब्द नाही. माणूस 'जागा' असतो, घेरीतून 'शुद्धीवर' येतो, गाण्यात त्याचे 'भान' हरपते, आपल्या चुकीची त्याला 'जाणीव' होते. हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. झोपलेला माणूस जागा नसतो, तरी त्याची शुद्ध हरपली असे कोणी म्हणत नाही. कारण हाक मारली तर तो ओ देईल, अशी खात्री असते. स्वप्न पाहणारा जागा नसतो, पण त्याला काहीतरी दिसत असते, भीती वाटत असते, क्वचित तो रडतही असतो. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती असे भेद आपल्याकडे उपनिषदांनी फार पूर्वी केले, ते उगाच नव्हेत. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला जे औषध देतात त्याला आपण 'भूल' म्हणतो. भूल म्हणजे विसर, चूक आणि मोहसुद्धा. भाषेने दिलेले हे नाव मोठे नेमके आहे. भूल दिलेल्या माणसाला केवळ वेदनेचा नव्हे, तर स्वतःचाही विसर पडतो.

या भुलेचा जाहीर प्रयोग १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे झाला. तोपर्यंत शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णाला चार धट्ट्याकट्ट्या माणसांनी दाबून धरायचे आणि शल्यविशारदाने शक्य तितक्या झपाट्याने हात चालवायचा, असा प्रकार होता. त्या दिवशी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुणाला काचेच्या पात्रातून ईथरची वाफ हुंगायला दिली. थोड्याच वेळात तो निपचित पडला. जॉन कॉलिन्स वॉरन या ज्येष्ठ शल्यविशारदाने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली आणि तो तरुण ओरडला नाही. वैद्यकाच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व वेदनामुक्तीसाठी सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. जाणिवेचा विचार करणाऱ्याला मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसते. ईथर हा निव्वळ एक रासायनिक पदार्थ. तो फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातो आणि ज्याला आपण 'मी' म्हणतो ते काही काळ नाहीसे होते. वाफ उडून गेली की ते परत येते, आपले नाव, गाव, सगेसोयरे यांच्यासह.

आज शस्त्रक्रियागृहात पुष्कळदा प्रोपोफॉल हे औषध शिरेतून देतात. मेंदूतील पेशींना शांत करणारा गॅबा नावाचा एक रासायनिक निरोप्या शरीरातच असतो. प्रोपोफॉल त्याचे काम वाढवते. याहून नवलाची गोष्ट झेनॉन वायूची आहे. हा वायू इतर पदार्थांशी सहजासहजी संयोग पावत नाही. रसायनशास्त्रात त्याची गणना निष्क्रिय वायूंत होते. असा निरिच्छ वायू हुंगला तरी माणसाची शुद्ध हरपते. जाणीव ही शरीराहून अगदी वेगळी, पदार्थांचा स्पर्श न होणारी वस्तू असती, तर झेनॉनपुढे तिने अशी मान का तुकवावी?

विड्याचा लाल रंग

हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेला नवा नाही. चार्वाक अथवा लोकायत मताचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत; त्यांचे म्हणणे प्रतिपक्षाच्या ग्रंथांतूनच आपल्यापर्यंत आले आहे. चौदाव्या शतकातील 'सर्वदर्शनसंग्रह' या ग्रंथात ते मत असे मांडले आहे: धान्यादी पदार्थांत मद नसतो, पण ते किण्वासह आंबवले की त्यांच्यातून मद उत्पन्न होतो, त्याचप्रमाणे पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांच्या विशिष्ट मिश्रणातून चैतन्य उत्पन्न होते. दुसरा एक दृष्टांत विड्याचा आहे. पान हिरवे, चुना पांढरा, सुपारी तपकिरी. यांपैकी लाल काहीच नाही. विडा चघळला की मात्र तोंड रंगते.

घटकांत नसलेला गुण त्यांच्या संयोगातून प्रकट होणे, याला उद्भव म्हणतात. पाण्याच्या एका रेणूला ओलेपणा नसतो. असंख्य रेणू एकत्र आले की हाताला ओल लागते. विड्याच्या रंगाचे कोडे तर रसायनशास्त्राने सोडवले आहे. सुपारीतील द्रव्यांवर चुन्याच्या क्षाराची क्रिया होते आणि लाल रंगद्रव्य तयार होते. पायरी न पायरी दाखवता येते.

लोकायत मताला उत्तर देताना शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात एक बिनतोड वाटणारा मुद्दा मांडला. देहाचे रूपादी गुण मृतदेहातही राहतात. मग चैतन्य हा देहाचा धर्म असेल तर ते का राहू नये? प्रेतात तेच हात, तेच डोळे, तीच भुते असतात. नसते ते चैतन्य. या आक्षेपाचे वजन आजही कमी झालेले नाही. मात्र त्याने सिद्ध काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. चैतन्य हा नुसत्या द्रव्याचा गुण नव्हे, एवढे त्यातून निश्चित निघते. ते द्रव्यात चाललेल्या क्रियेचे रूप असेल, ही शक्यता उरतेच. नाच थांबला तरी नर्तकी तेथेच उभी असते. आधुनिक मेंदुविज्ञानाची वाटचाल याच तिसऱ्या वाटेने झाली आहे.

पाठगत प्रश्न
१. 'भूल' या शब्दाचे पाठात आलेले अर्थ सांगून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
२. विड्याचा दृष्टांत कोणते मत पटवण्यासाठी दिला आहे? शंकराचार्यांचा आक्षेप त्या मताला कोठे अडवतो?

क्रिया कोणती?

मेंदूतील चेतापेशी आतून बाहेरच्या तुलनेत ऋणभारित असते. हा फरक व्होल्टच्या सुमारे सात शतांश भागाइतका असतो. पेशी उत्तेजित झाली की तिच्या आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे भारित कण आत घुसतात, मागोमाग पोटॅशियमचे कण बाहेर पडतात आणि ही उलथापालथ लाटेसारखी तंतूवरून पुढे सरकत जाते. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी १९५२ मध्ये या लाटेचे गणित मांडले. त्यासाठी त्यांनी वापरलेला जाड चेतातंतू स्क्विडचा, म्हणजे कोकणातल्या बाजारात म्हाकूळ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्राण्याच्या कुळातील जीवाचा होता. १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये डोक्याच्या बाहेरून मानवी मेंदूच्या विद्युत्लहरी टिपल्या होत्या. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की सेकंदाला सुमारे दहा या गतीने लहरी उमटत; डोळे उघडताच त्या मावळत. मनाची स्थिती पालटते तशी कागदावरची रेघ पालटते, हे प्रथमच दिसले.

पण पेशींची वीज म्हणजे जाणीव, असे म्हणून भागत नाही. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूत असतात. संख्येवरच सारे अवलंबून असते, तर जाणिवेचे घर लहान मेंदूतच असायला हवे होते. प्रत्यक्षात तसे नाही. २०१४ मध्ये चीनमधील एका २४ वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. जन्मापासून तिला लहान मेंदूच नव्हता. तिला चालताना तोल सावरणे जड जाई, उच्चार थोडे अस्पष्ट होते. परंतु ती बोलत होती, ऐकत होती, जगत होती. याउलट मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमससारख्या भागाला दोन्ही बाजूंनी छोटीशी इजा झाली तरी माणसाची शुद्ध जाऊ शकते. म्हणजे पेशी किती, यापेक्षा त्या एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

या प्रश्नाला हात घालणारा एक प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात झाला. मार्चेल्लो मासिमिनी, जुलिओ टोनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००५ मध्ये प्रसिद्ध केला. डोक्यावर बाहेरून चुंबकीय ठोका देऊन मेंदूचा एक लहानसा भाग क्षणभर उत्तेजित करता येतो. हा ठोका जाग्या माणसाला दिला तेव्हा उठलेली लहर एका भागातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशी दूरवर पसरत गेली. तोच माणूस गाढ झोपला असता ठोका दिला, तेव्हा जागच्या जागी लहर तर जोराने उठली, परंतु ती तिथेच विरली. नंतरच्या प्रयोगांत, औषधाने भूल दिलेल्या अवस्थेतही लहर अशीच कोंडलेली दिसली आणि स्वप्नांच्या झोपेत तिचा प्रसार पुष्कळ अंशी परतलेला आढळला.

हा प्रयोग साधा आहे, पण त्याचा अर्थ खोल आहे. गाढ झोपेत मेंदू बंद पडत नाही. पेशी काम करीतच असतात. बंद पडतो तो त्यांचा आपसांतला संवाद. गावातल्या प्रत्येक घरात माणसे बोलत आहेत, पण एका घराची वार्ता दुसऱ्या घरी पोहोचत नाही, अशी ती स्थिती असते. अशा गावाला एकत्र काही ठरवता येणार नाही, की गाव म्हणून काही कळणारही नाही. जाणीव म्हणजे दूरदूरच्या भागांतील हा संवाद अथवा त्यावर अवलंबून असणारे काहीतरी असावे, असे मानायला येथे आधार मिळतो.

यापुढे मतभेद सुरू होतात. बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या मतानुसार मेंदूतील एखादी माहिती सर्व भागांना जाहीर झाली, म्हणजे तिची दवंडी पिटली गेली, की ती जाणिवेत येते. टोनोनी यांनी २००४ मध्ये मांडलेल्या मतानुसार रचनेतील माहिती किती एकजीव झाली आहे, यावर जाणिवेचे प्रमाण ठरते. या दोन्ही परंपरांच्या अभ्यासकांनी आपापली भाकिते आधी लिहून ठेवून एकत्रितपणे केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. २५६ व्यक्तींच्या मेंदूची तपासणी होऊनही दोहोंपैकी एकही मत पूर्णपणे खरे ठरले नाही; दोघांचीही काही महत्त्वाची भाकिते चुकली. विज्ञानात आपला पराभव कशात मानायचा हे आधीच जाहीर करणारे थोडेच असतात, म्हणून या निकालाचे मोल त्याच्या अपुरेपणामुळे कमी होत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझ यांनी १७१४ मध्ये एक कल्पना मांडली होती. विचार करणारे, अनुभवणारे एखादे यंत्र आहे असे समजा आणि ते इतके मोठे करा, की पिठाच्या गिरणीत शिरावे तसे आपल्याला त्यात शिरता येईल. आत काय दिसेल? एकमेकांना ढकलणारे भाग. संवेदना कोठेही दिसणार नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर सोडियमचे कण दिसतील, उघडझाप करणारी दारे दिसतील, दुखणे दिसणार नाही. विड्याचे रंगद्रव्य कसे तयार होते हे सांगता येते. ते रंगद्रव्य पाहणाऱ्याला लाल 'दिसते', त्या दिसण्याची पायरी मात्र त्या हिशेबात सापडत नाही. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९० च्या दशकात याच अडचणीला 'अवघड प्रश्न' असे नाव दिले. मेंदुशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये त्यांच्याशी पैज लावली, की जाणिवेची स्पष्ट खूण मेंदूत २५ वर्षांत सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे कॉख यांनी हार मान्य केली आणि चाल्मर्स यांना मद्याच्या बाटल्या दिल्या. लोकायतिकांच्या दृष्टांतातला मद असा भलत्याच ठिकाणी उपयोगी पडला.

पाठगत प्रश्न
३. गाढ झोपेतील मेंदूसाठी वापरलेला गावाचा दृष्टांत तुमच्या शब्दांत लिहा. तो कोठे अपुरा पडतो असे तुम्हांला वाटते का?
४. गिरणीच्या कल्पनेतून लाइब्निझ यांना काय दाखवायचे आहे?

हाकेला ओ नाही तेव्हा

हा वाद केवळ विद्वानांचा असता, तर तो सावकाश चालू द्यायला हरकत नव्हती. परंतु रुग्णालयात एखादी व्यक्ती डोळे उघडे ठेवून निपचित पडलेली असते आणि खाटेशेजारी बसलेल्या नातलगाला याच प्रश्नाचे उत्तर आजच हवे असते.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्या मेंदूला नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यात प्राणवायूअभावी गंभीर इजा झाली. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांना मरण येऊ द्यावे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती विनंती मान्य केली नाही आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतकी वर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्या परिचारिकांना अरुणाताईंच्या चेहऱ्यावर आवडनिवड दिसत असे. तेथे खरोखर कोणी आवडनिवड करणारे होते, की ती केवळ स्नायूंची हालचाल होती, हे ठरवण्याचे साधन खाटेपाशी कोणाजवळच नव्हते.

असे एक साधन इंग्लंडमधील केंब्रिज येथे पुढे आले. जुलै २००५ मध्ये रस्त्यावरील अपघातात २३ वर्षांच्या एका तरुणीच्या मेंदूला इजा झाली. पाच महिन्यांनंतरही ती कोणत्याही सूचनेला प्रतिसाद देत नव्हती. डोळे उघडत, मिटत. बाकी काही नाही. एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला एमआरआय यंत्रात ठेवून सांगितले, की तू टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर. हालचालीची आखणी करणारा मेंदूचा भाग उजळला. नंतर सांगितले, की तू आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरत आहेस अशी कल्पना कर. आता जागा ओळखण्याशी संबंधित भाग उजळले. निरोगी माणसांच्या मेंदूत नेमके हेच घडते. जिची बोटेही हलत नव्हती, तिने ऐकले होते, समजून घेतले होते आणि सांगितलेले मनात केले होते. हे निष्कर्ष सप्टेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे याच युक्तीचा संभाषणासाठी उपयोग झाला. 'होय' म्हणायचे असेल तर टेनिस, 'नाही' म्हणायचे असेल तर घरातली फेरी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५४ रुग्णांपैकी पाच जणांना सूचनेप्रमाणे मेंदूची क्रिया बदलता आली. त्यांपैकी एका पुरुषाला वडिलांचे नाव घेऊन, हेच का ते, असे विचारले. त्याच्या मेंदूत टेनिस उमटले. सहापैकी पाच प्रश्नांची उत्तरे त्याने अशी बरोबर दिली.

हे सगळे बाहेरून वाचलेले आहे, हे विसरता येत नाही. यंत्रात दिसते ते रक्तप्रवाहातील बदल. त्या माणसाला आत काय वाटत होते ते नव्हे. 'अवघड प्रश्न' होता तेथेच आहे. तरीही 'ओ देणे' आणि 'शुद्धीत असणे' यांची जी सांगड भाषेने आणि वैद्यकाने शतकानुशतके घातली होती, ती या प्रयोगांनी सोडवली. २०२४ मध्ये अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाटेपाशी कोणत्याही आज्ञेला दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांची त्यात तपासणी झाली; त्यांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्या. उरलेल्या १८१ जणांविषयी काय म्हणावे? त्याच अभ्यासात खाटेपाशी आज्ञा पाळू शकणारे ११२ रुग्णही होते आणि यंत्राच्या कसोटीला त्यांच्यापैकी केवळ ४३ जण उतरले. बाकीचे समोर हात उचलून दाखवत होते, तरी यंत्राला ते सापडले नाहीत.

स्वाध्याय

१. 'जागा', 'शुद्धीवर', 'भान' आणि 'जाणीव' या शब्दांतील अर्थच्छटा उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. केंब्रिज येथील तरुणीवरील प्रयोगात टेनिस आणि घरातील फेरी अशा दोन वेगळ्या सूचना देण्याची गरज का भासली असावी?
३. २०२४ च्या अभ्यासातील आकड्यांवरून, प्रतिसाद न दिसणाऱ्या रुग्णाविषयी कोणते विधान करता येईल आणि कोणते करता येणार नाही, ते आठ-दहा ओळींत लिहा.
४. तुमच्या परिसरातील भाषेत शुद्ध हरपणे, भान येणे यांसाठी कोणते शब्द वापरतात? असे तीन शब्द मिळवा आणि त्यांचे मूळ अर्थ घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.